स्कॉटलंडमधील प्राथमिक शाळा आणि स्कॉट्स भाषा : दंड, उत्सव आणि मान्यता यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

ग्रेट ब्रिटनच्या भाषांचा विचार करताना आपल्याकडे बहुधा इंग्रजी ही एकच भाषा डोळ्यांसमोर येते. वेल्श, गेलिक, कॉर्निश या भाषांची नावे अभ्यासकांना परिचित असतात. परंतु स्कॉटलंडच्या सखल प्रदेशात, ईशान्य किनाऱ्यावर व उत्तरेकडील बेटांवर शतकानुशतके बोलल्या जाणाऱ्या स्कॉट्स भाषेची दखल क्वचितच घेतली जाते. याचे एक कारण असे की स्कॉट्स ही इंग्रजीची सख्खी बहीण आहे. गेलिक ही केल्टिक कुळातील असल्यामुळे तिचे वेगळेपण ऐकताक्षणी ध्यानात येते. स्कॉट्सचे वेगळेपण मात्र इंग्रजीच्या सान्निध्यात झाकोळते आणि 'ही भाषा की अशुद्ध इंग्रजी' असा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. २०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडमधील सुमारे १५ लाख लोकांनी आपण स्कॉट्स बोलतो असे नोंदविले, तर बोलणे, वाचणे, लिहिणे वा समजणे यांपैकी काही ना काही येते असे सांगणाऱ्यांची संख्या २४ लाखांहून अधिक होती. म्हणजे जवळजवळ निम्म्या लोकसंख्येचा या भाषेशी काही ना काही संबंध आहे. असे असूनही या भाषेला शाळेच्या वर्गखोलीत रीतसर प्रवेश मिळण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

भाषेचे भवितव्य विद्यापीठांपेक्षा प्राथमिक शाळेत अधिक ठरते. घरची भाषा आणि शाळेची भाषा यांची पहिली भेट तेथेच होते. त्या भेटीत घरच्या भाषेच्या वाट्याला आदर येतो की उपहास, यावर मूल पुढे आपल्या भाषेकडे, आपल्या माणसांकडे आणि स्वतःकडे कसे पाहते हे अवलंबून असते. स्कॉटलंडच्या शालेय इतिहासात एक विलक्षण विसंगती आढळते. जी भाषा वर्षभर शाळेत निषिद्ध होती, तीच भाषा जानेवारी महिन्यात रॉबर्ट बर्न्स या कवीच्या जयंतीनिमित्त व्यासपीठावर मिरविली जात असे. दंड आणि उत्सव यांच्या या सहअस्तित्वाचा अर्थ लावण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे आणि पद्धती

प्रस्तुत लेखनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१. स्कॉट्स भाषा राजभाषेच्या स्थानावरून शाळाबाह्य बोलीच्या स्थानावर कशी आली याचा आढावा घेणे.
२. प्राथमिक शाळांमधील भाषिक दंड आणि भाषिक उत्सव यांचा परस्परसंबंध तपासणे.
३. १९९१ नंतर झालेल्या शैक्षणिक बदलांचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करणे.

यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून मांडणी शैक्षणिक कायदे, शासकीय अहवाल, जनगणना, भाषावैज्ञानिक अभ्यास व साहित्यकृती यांच्या आधारे केली आहे. गेलिक भाषेच्या शिक्षणाचा इतिहास स्वतंत्र असल्याने त्याचा उल्लेख केवळ तुलनेपुरता येतो.

राजभाषेपासून 'गावंढळ बोली'पर्यंत

स्कॉट्स भाषेचा उगम जुन्या इंग्रजीच्या उत्तरेकडील, म्हणजे नॉर्थम्ब्रियन शाखेत आहे. बाराव्या शतकात राजा पहिला डेव्हिड याच्या काळात व्यापारी नगरे वसविली गेली आणि या नगरांमधून ही भाषा पसरत गेली. १३७५ च्या सुमारास जॉन बार्बर याने राजा रॉबर्ट ब्रूसवरील दीर्घकाव्य याच भाषेत रचले. १४२४ पासून स्कॉटिश संसदेचे कायदे या भाषेत नोंदविले जाऊ लागले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व सोळाव्याच्या प्रारंभी रॉबर्ट हेन्रिसन आणि विल्यम डनबार यांनी तिला प्रौढ काव्यभाषेचे रूप दिले. गॅव्हिन डग्लस याने १५१३ मध्ये व्हर्जिलच्या 'ईनिड'चा अनुवाद पूर्ण करताना आपण स्कॉट्समध्ये लिहीत आहोत असे जाणीवपूर्वक नमूद केले. तोपर्यंत ही भाषा बोलणारेही तिला बहुधा 'इंग्लिस' म्हणत. तेव्हा स्वतंत्र नाव धारण करणे हीच एक घटना होती.

या भाषेच्या पीछेहाटीचे कारण म्हणून १७०७ च्या संसदीय एकीकरणाचा निर्देश केला जातो. तथापि त्याची बीजे आधीच पडलेली होती. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडमध्ये जे बायबल घरोघर पोहोचले ते इंग्रजी होते. मर्डॉक निस्बेट याने १५२० च्या सुमारास 'नव्या करारा'चे स्कॉट्स रूपांतर केले होते, परंतु ते हस्तलिखितातच राहिले व विसाव्या शतकाच्या आरंभी प्रथम छापले गेले. धर्मग्रंथ वाचता यावा हाच ज्या समाजात साक्षरतेचा प्रमुख हेतू होता, तेथे धर्मग्रंथाची भाषा तीच अक्षरओळखीची भाषा झाली. १६०३ मध्ये राजा सहावा जेम्स लंडनला गेला आणि दरबाराचा आश्रयही संपला.

अठराव्या शतकात या प्रक्रियेला प्रतिष्ठेची जोड मिळाली. एडिंबरोतील विद्वान आपल्या लेखनातून 'स्कॉटपणा' निपटून काढण्यासाठी शब्दांच्या याद्या करू लागले. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने अशी यादी प्रसिद्ध केली आणि जेम्स बीटी यानेही तसाच संग्रह केला. १७६१ मध्ये टॉमस शेरिडन या आयरिश नटाची शुद्ध इंग्रजी उच्चारांवरील व्याख्याने ऐकण्यास एडिंबरोतील प्रतिष्ठित मंडळी उपस्थित राहिली. ज्या पिढीने युरोपच्या वैचारिक इतिहासात स्कॉटलंडचे नाव उज्ज्वल केले, त्याच पिढीला आपल्या तोंडच्या भाषेची लाज वाटत होती, ही बाब पुढील शालेय इतिहास समजून घेण्यासाठी महत्त्वाची आहे. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या भाषेचा तिरस्कार करण्यापूर्वी समाजातील वरच्या थराने स्वतःच्या भाषेचा तिरस्कार केला होता.

शाळेचा कायदा आणि शाळेचा पट्टा

शिक्षणाविषयीच्या कायद्यांच्या बाबतीत स्कॉटलंड युरोपात अग्रेसर होता. १४९६ च्या कायद्याने सरदार व जमीनदारांना आपले ज्येष्ठ पुत्र शाळेत पाठविणे बंधनकारक केले. १६१६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने प्रत्येक पॅरिशमध्ये शाळा असावी असे ठरविले, त्याच ठरावात 'इंग्लिश' भाषा सर्वत्र रुजविण्याचा आणि गेलिक नाहीशी करण्याचा हेतू स्पष्टपणे नमूद होता. १६९६ च्या कायद्याने पॅरिश शाळांची व्यवस्था अधिक पक्की केली. या शाळांतील वाचनाची भाषा इंग्रजी होती. तरी शिक्षक व विद्यार्थी एकाच गावचे असल्याने बोलण्याची भाषा बहुधा स्कॉट्सच राहिली. पुस्तक इंग्रजी व स्पष्टीकरण स्कॉट्समध्ये अशी ही तडजोड दीर्घकाळ चालली.

१८७२ च्या शिक्षण कायद्याने ही तडजोड मोडली. या कायद्याने ५ ते १३ वर्षे वयाच्या मुलांचे शिक्षण सक्तीचे झाले आणि शाळा निर्वाचित शाळा-मंडळांच्या ताब्यात आल्या. शिक्षणप्रसाराच्या दृष्टीने हे पाऊल मोठेच होते. परंतु या कायद्यात गेलिकचा उल्लेख नव्हता आणि स्कॉट्सचाही नव्हता. कायद्याने स्कॉट्सवर बंदी घातली नाही, त्याने तिचे अस्तित्वच गृहीत धरले नाही. शिक्षण खात्याचे कार्यालय लंडनमध्ये होते, तपासणी अधिकारी वाचन व लेखन यांची परीक्षा इंग्रजीतून घेत आणि अनुदान बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालावर अवलंबून असे. अशा व्यवस्थेत घरची भाषा हा शिक्षकाच्या दृष्टीने अडथळा ठरणे स्वाभाविक होते. मुलाने 'हाउस' ऐवजी 'हूस', 'स्टोन' ऐवजी 'स्टेन' किंवा 'नो' ऐवजी 'केन' म्हटले की ती चूक ठरे.

ही चूक दुरुस्त करण्याचे साधन म्हणजे चामड्याचा, टोकाला चिरलेला पट्टा. तो विद्यार्थ्याच्या तळहातावर मारला जाई. फाइफ परगण्यातील लॉखगेली हे गाव या पट्ट्यांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध होते. या पट्ट्याला म्हणतात 'टॉझ', आणि हा शब्द स्वतः स्कॉट्स आहे. स्कॉट्स बोलल्याबद्दल ज्या साधनाने मार बसे त्याचे नाव मात्र शिक्षकासही स्कॉट्समध्येच घ्यावे लागे. सरकारी शाळांमधील शारीरिक शिक्षा १९८७ मध्ये कायद्याने संपुष्टात आली. म्हणजे आज चाळिशीच्या पुढील वयाच्या अनेकांच्या शालेय जीवनात हा पट्टा होता.

या अनुभवाचे पडसाद साहित्यात उमटले आहेत. लुईस ग्रासिक गिबन याच्या 'सनसेट साँग' (१९३२) या कादंबरीतील क्रिस या शेतकरी मुलीच्या मनात दोन क्रिस नांदतात. एकीला इंग्रजी शब्दांची व पुस्तकांची ओढ आहे, तर दुसरी मातीशी व स्कॉट्स बोलीशी बांधलेली आहे. विल्यम मॅकिल्व्हनी याच्या 'डॉकर्टी' (१९७५) या कादंबरीत खाणकामगाराचा मुलगा शिक्षकाशी बोलताना रस्त्याकडेच्या गटारासाठी घरचा शब्द वापरतो आणि मार खातो. या प्रसंगात मुलगा खोटे बोललेला नाही किंवा उद्धटही वागलेला नाही. जे आई-वडील बोलतात तेच तो बोलला, हाच त्याचा अपराध. अशा मारातून मूल केवळ एक शब्द विसरत नाही. आपल्या घरातील माणसे चुकीचे बोलतात असा निष्कर्ष ते काढते.

मुंबई इलाख्याशी संबंध

या इतिहासाचा एक धागा आपल्या प्रांतापर्यंत पोहोचतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्याच्या शिक्षणव्यवस्थेत स्कॉटिश मंडळींचा वाटा लक्षणीय होता. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे जन्माने स्कॉटिश, त्यांचे काही शिक्षण एडिंबरोत झालेले. त्यांच्या १८२४ च्या शिक्षणविषयक टिपणात देशी भाषांतील शाळा व क्रमिक पुस्तके यांवर भर होता. डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरील लॉडर गावचे. ते १८२९ मध्ये मुंबईस आले. त्यांनी १८३२ मध्ये सुरू केलेल्या शाळेतून पुढे विल्सन महाविद्यालय उभे राहिले आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट विल्सन यांनी मुलींच्या शाळा काढल्या. जॉन स्टीव्हन्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने लिहिलेले मराठीचे व्याकरण १८३३ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले.

या मंडळींच्या हेतूंची चिकित्सा आपल्या इतिहासकारांनी केली आहेच. येथे वेगळा मुद्दा नोंदवावयाचा आहे. मराठी मुलांना त्यांच्या भाषेतून शिकविले पाहिजे आणि त्यासाठी त्या भाषेचे व्याकरण, कोश व पुस्तके हवीत, हे तत्त्व या स्कॉटिश शिक्षणधुरिणांना मान्य होते. त्यांच्या स्वतःच्या देशातील शालेय व्यवस्थेत मात्र स्कॉट्सला असे स्थान नव्हते. जॉन जेमिसन याचा स्कॉट्स भाषेचा व्युत्पत्तिकोश १८०८ मध्येच प्रसिद्ध झाला होता, परंतु तो पुरातनाच्या जिज्ञासूंसाठी होता. भाषेचा कोश असणे आणि भाषेला शाळा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून दिसते.

बर्न्स जयंती : उत्सवातील भाषा

रॉबर्ट बर्न्स याचा जन्म २५ जानेवारी १७५९ रोजी अ‍ॅलोवे येथे झाला. त्याच्या शिक्षणाचा वृत्तान्त पुढील इतिहासाची नांदी ठरावा असा आहे. वडिलांनी शेजाऱ्यांच्या मदतीने जॉन मर्डॉक या तरुण शिक्षकाची नेमणूक केली. त्याने मुलांना इंग्रजी वाचन, व्याकरण व पाठांतर शिकविले. स्कॉट्स गाणी बर्न्सला आईकडून मिळाली आणि भुताखेतांच्या कथा घरी येणाऱ्या बेटी डेव्हिडसन या वृद्ध आप्त स्त्रीकडून. स्कॉट्सचा सर्वश्रेष्ठ कवी स्कॉट्समध्ये वाढला तो शाळेबाहेर. १७८६ मध्ये किल्मार्नॉक येथे त्याचा पहिला संग्रह छापला गेला, त्याच्या शीर्षकात आपली भाषा 'स्कॉटिश बोली' असल्याचे त्याने सांगितले आहे.

१७९६ मध्ये बर्न्सचे निधन झाले. पाच वर्षांनी, २१ जुलै १८०१ रोजी, त्याच्या नऊ चाहत्यांनी अ‍ॅलोवे येथील जन्मघरी स्मृतिभोजन केले. पुढे हे भोजन जन्मदिनाशी जोडले गेले आणि 'बर्न्स सपर' या नावाने जगभर रूढ झाले. १८५९ मधील जन्मशताब्दी शेकडो ठिकाणी साजरी झाली. १८८५ मध्ये किल्मार्नॉक येथे बर्न्स फेडरेशन स्थापन झाले. शालेय मुलांसाठी बर्न्सच्या कवितांच्या पठणाच्या व गायनाच्या स्पर्धा आणि प्रमाणपत्रे हा या संस्थेच्या कार्याचा महत्त्वाचा भाग ठरला.

अशा प्रकारे प्राथमिक शाळेच्या दिनदर्शिकेत जानेवारी महिन्याला वेगळे महत्त्व आले. मुले आठवडेच्या आठवडे कविता पाठ करतात. वर्गातून व मग शाळेतून उत्तम पठण निवडले जाते. हॅगिस हा मेंढीचे काळीज, यकृत व फुप्फुस ओटच्या भरड्यात शिजवून केलेला पदार्थ मशकवाद्याच्या सुरात आणला जातो, त्यावर कविता म्हटली जाते आणि बटाटे व सलगमवर्गीय कंद यांसह तो वाढला जातो. या कंदास स्कॉट्समध्ये 'नीप' म्हणतात. नाताळपूर्वी व्यायामाच्या तासाला 'गे गॉर्डन्स', 'स्ट्रिप द विलो' यांसारखी समूहनृत्ये शिकविली जातात. ३० नोव्हेंबरचा संत अँड्र्यू दिन हा आणखी एक प्रसंग. या दिवसाच्या सुट्टीसंबंधी स्कॉटिश संसदेने २००७ मध्ये कायदा केला.

या उत्सवांची विसंगती अनेकांनी नोंदविली आहे. जानेवारीच्या एका सप्ताहात जे शब्द उच्चारल्याबद्दल मुलाला बक्षीस मिळे, तेच शब्द पुढील सप्ताहात त्याने प्रश्नाचे उत्तर देताना वापरले तर त्याला शिक्षा होई. याला केवळ ढोंग म्हणणे पुरेसे नाही. या विसंगतीमागे एक निश्चित भाषिक धारणा होती. बर्न्सची भाषा ही मृत कवीची, ग्रामीण भूतकाळाची व छापील पुस्तकातील म्हणून 'अस्सल' मानली गेली. मुलाच्या तोंडची भाषा वर्तमानातील, बहुधा कामगार वस्तीतील, म्हणून 'बिघडलेली' मानली गेली. स्मारकाला हार घालताना त्याच्या वारसांना दाराबाहेर उभे करण्यासारखाच हा प्रकार होता.

तथापि नाण्याला दुसरीही बाजू आहे. अत्यंत प्रतिकूल काळात शाळेच्या भिंतींआड स्कॉट्सचा आवाज अधिकृतपणे उमटत राहिला तो या पठणांमुळेच. एरव्ही वाचनात मागे पडणारे मूल बर्न्सच्या ओळी सहज म्हणून जाई, कारण त्या उच्चारांशी त्याचा घरचा परिचय असे. उत्सवाने भाषा जगविली नाही, परंतु ती शाळेत यावी अशी अपेक्षा जिवंत ठेवली, असे म्हणावे लागेल.

अंगण, गल्ली आणि हॅलोवीन

शाळेने नाकारलेली भाषा शाळेच्या पटांगणात मात्र सुखरूप होती. रॉबर्ट चेंबर्स याने १८२६ मध्ये स्कॉटलंडमधील लोकप्रिय बडबडगीतांचा व खेळगीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. एडिंबरोतील नॉर्टन पार्क शाळेच्या शिक्षकांनी १९५१ मध्ये 'द सिंगिंग स्ट्रीट' हा लघुपट काढला. त्यात मुले शहराच्या रस्त्यांवर दोरीच्या उड्या मारताना व चेंडू खेळताना गाणी म्हणतात. या शिक्षकांपैकी जेम्स रिची यांनी पुढे त्याच नावाचे पुस्तकही लिहिले. शिक्षकाने मुलांची भाषा दुरुस्त न करता ती टिपून घ्यावी, हा त्या काळी नवा दृष्टिकोन होता. त्याच वर्षी एडिंबरो विद्यापीठात स्कॉटिश लोकपरंपरेच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्था सुरू झाली, हा योगायोगही बोलका आहे.

हॅलोवीनच्या रात्री वेषांतर करून घरोघर जाण्याची 'गायझिंग' नावाची प्रथा येथे जुनी आहे. तिचे वैशिष्ट्य असे की मुलांना खाऊ फुकट मिळत नाही. त्यासाठी गाणे, कविता किंवा विनोद सादर करावा लागतो. भोपळा रूढ होण्यापूर्वी कंद कोरून त्याचे दिवे केले जात. शाळेने न शिकविलेले पाठांतर हे सण करवून घेत होते. जे. के. अ‍ॅनंड या शिक्षक-कवीने १९६५ मध्ये मुलांसाठी स्कॉट्स बालगीतांचा संग्रह प्रसिद्ध केला, त्यामागे हीच मौखिक परंपरा होती.

दृष्टिकोनातील परिवर्तन : १९४६ ते १९९१

१९४६ मध्ये स्कॉटलंडच्या शिक्षण सल्लागार मंडळाने प्राथमिक शिक्षणावर अहवाल सादर केला. स्कॉट्स ही कोठल्याही सुशिक्षित वर्गाची भाषा नाही आणि ती शिक्षणाचे वा संस्कृतीचे माध्यम होण्यास योग्य नाही, असा अभिप्राय त्यात व्यक्त झाला. ह्यू मॅकडर्मिड याने १९२० च्या दशकात स्कॉट्समध्ये आधुनिक काव्य लिहून दाखविल्यानंतर वीस वर्षांनी हा अभिप्राय आला हे लक्षात घेतले म्हणजे साहित्य व शालेय प्रशासन यांमधील अंतर कळते.

१९६५ च्या प्राथमिक शिक्षणविषयक शासकीय निवेदनाने बालककेंद्री दृष्टिकोन स्वीकारला. मूल केंद्रस्थानी आले की त्याची भाषाही विचारात घ्यावी लागते. याच सुमारास भाषाविज्ञानाने नवी साधने पुरविली. रोनाल्ड मॅकॉले यांच्या ग्लासगोविषयीच्या अभ्यासाने (१९७७) उच्चारभेद, सामाजिक वर्ग व शिक्षण यांचा संबंध दाखविला. ए. जे. एटकेन यांनी 'चांगली स्कॉट्स' आणि 'वाईट स्कॉट्स' या लोकप्रिय भेदाची चिकित्सा केली. ग्रामीण बोली शुद्ध व शहरी बोली भ्रष्ट हा समज भाषिक नसून सामाजिक आहे, हे त्यांनी स्पष्ट केले.

शिक्षकाच्या दृष्टीने या संशोधनाचा उपयोग थेट होता. स्कॉट्समध्ये 'ग्रीट' म्हणजे रडणे, 'माइंड' म्हणजे आठवणे, 'मेसेजेस' म्हणजे बाजारहाट. अनेकांना उद्देशून 'यूज' असे वेगळे अनेकवचनी सर्वनाम वापरले जाते. मूल अशी रूपे वापरते तेव्हा ते चुकत नसून दुसऱ्या नियमाने चालत असते. हे ओळखणारा शिक्षक दोन्ही नियम शेजारी ठेवून शिकवू शकतो. हे न ओळखणारा शिक्षक केवळ लाल शाई वापरतो.

मान्यतेचा कालखंड : १९९१ नंतर

१९९१ मध्ये ५ ते १४ वयोगटासाठी इंग्रजी भाषेची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. मुलांच्या बोलीची कदर करावी व स्कॉट्स साहित्य वर्गात आणावे असे त्यांत सुचविले होते. १९९६ मध्ये अभ्यासक्रम सल्लागार परिषदेने 'द किस्ट' हा संग्रह शाळांसाठी तयार केला. 'किस्ट' म्हणजे पेटारा. या पेटाऱ्यात स्कॉट्स व गेलिक या भाषांतील निवडक साहित्य एकत्र आले. १९९९ मध्ये स्कॉटिश संसद पुनःस्थापित झाली आणि २००१ मध्ये ब्रिटनने युरोपीय प्रादेशिक व अल्पसंख्य भाषांच्या सनदेस मान्यता देताना स्कॉट्सचा त्यात समावेश केला.

वर्गात मात्र सनद वाचली जात नाही, पुस्तक वाचले जाते. या दृष्टीने २००२ मध्ये मॅथ्यू फिट व जेम्स रॉबर्टसन यांच्या पुढाकाराने सुरू झालेली 'इची कू' ही प्रकाशनमाला निर्णायक ठरली. अक्षरओळखीच्या पुस्तकांपासून परिकथांपर्यंतची स्कॉट्स पुस्तके तिने काढली. रोआल्ड डाल याच्या पुस्तकांचे अनुवाद, २०१२ मध्ये 'ग्रफलो' आणि २०१७ मध्ये हॅरी पॉटर मालिकेतील पहिली कादंबरी स्कॉट्समध्ये आली. या पुस्तकांनी भाषेला शेती, धुके व भूतकाळ यांच्या चौकटीतून बाहेर काढले. जादूच्या शाळेतील मुलेही स्कॉट्स बोलू शकतात, हा अनुभव बर्न्सच्या पठणातून मिळणारा नव्हता.

२०१० पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात स्कॉट्सला स्थान मिळाले. २०११ च्या जनगणनेत प्रथमच स्कॉट्सविषयी प्रश्न विचारला गेला आणि १५ लाखांहून अधिक भाषकांची नोंद झाली. ईशान्येकडील अ‍ॅबर्डीनशायर व मोरे आणि उत्तरेकडील शेटलंड येथे प्रमाण विशेष होते. २०१४ मध्ये शाळांना साहाय्य करण्यासाठी स्कॉट्स समन्वयक नेमले गेले. २०१५ मध्ये शासनाचे स्कॉट्सविषयक धोरण जाहीर झाले. १७ जून २०२५ रोजी स्कॉटिश संसदेने भाषाविषयक विधेयक संमत केले आणि ३१ जुलै रोजी त्यास राजमान्यता मिळाली. या कायद्याने गेलिक व स्कॉट्स या दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा देण्याची तरतूद केली असून शालेय स्कॉट्स शिक्षणास चालना देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

काही अनुत्तरित प्रश्न

मान्यतेने सर्व प्रश्न सुटलेले नाहीत. पहिला प्रश्न 'कोणती स्कॉट्स' हा आहे. मुलासाठी बहुतेक भागांत 'बेर्न', ग्लासगोकडे 'वेन', ईशान्येस मुलगा 'लून' तर मुलगी 'क्वाइन' असे शब्द आहेत. यांपैकी एकाला प्रमाण ठरविले तर इतर मुलांच्या वाट्याला पुन्हा तोच अनुभव येईल. दुसरा प्रश्न लेखनाचा. स्कॉट्सला सर्वमान्य प्रमाणलेखन नाही. १९४७ मध्ये कवींच्या एका गटाने काही नियम ठरविले आणि इंग्रजी शब्दातील अक्षर गळाल्याचे दाखविणारी लोपचिन्हे टाळावीत असे सुचविले, कारण ती चिन्हे जणू भाषेच्या वतीने क्षमा मागत असत. तरीही शुद्धलेखनाच्या तासाला काय बरोबर मानायचे, हा प्रश्न प्राथमिक शिक्षकासमोर उरतोच.

तिसरा प्रश्न मनोवृत्तीचा आहे. शासनाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ८५ टक्के लोकांनी आपण कमी-अधिक स्कॉट्स बोलतो असे सांगितले, तर ६४ टक्के लोकांनी ती भाषा नसून केवळ बोलण्याची एक पद्धत आहे असे मत दिले. जे बोलतात त्यांनाच आपण भाषा बोलतो असे वाटत नाही, हे सव्वाशे वर्षांच्या शालेय संस्काराचे फलित आहे. चौथा प्रश्न सातत्याचा. १९८५ पासून गेलिक माध्यमाचे प्राथमिक शिक्षण सुरू झाले, स्कॉट्स माध्यमाची शाळा मात्र नाही. त्यामुळे या भाषेचे शिक्षण शिक्षकाच्या आवडीवर व प्रसंगोपात्त उपक्रमांवर अवलंबून राहते आणि जानेवारी संपताच तिचे पुस्तक कपाटात जाण्याचा धोका कायम असतो.

निष्कर्ष

१. स्कॉट्सची शालेय पीछेहाट ही प्रत्यक्ष बंदीपेक्षा अनुल्लेखामुळे अधिक झाली. १८७२ च्या कायद्याचे मौन पट्ट्याच्या मारापेक्षा दूरगामी ठरले, कारण त्या मौनानेच शिक्षकाच्या हातातील पट्ट्याला समर्थन दिले.

२. बर्न्स जयंतीच्या उत्सवाचे कार्य दुहेरी होते. त्याने भाषेचा आवाज शाळेत टिकवून ठेवला, पण त्याचबरोबर ती भाषा फक्त कवितेची, फक्त भूतकाळाची व फक्त एका दिवसाची आहे, असा समजही दृढ केला.

३. परिवर्तन घडले ते उत्सव वाढल्यामुळे नव्हे, तर बालककेंद्री शिक्षणविचार, भाषावैज्ञानिक संशोधन, वर्तमानकालीन बालसाहित्य आणि राजकीय मान्यता या चार गोष्टी एकत्र आल्यामुळे.

४. २०२५ च्या कायद्याची खरी कसोटी व्यासपीठावरील पठणात लागणार नाही. ग्लासगोतील किंवा अ‍ॅबर्डीनशायरमधील एखादे मूल एखाद्या साध्या दिवशी गणिताचे उत्तर घरच्या शब्दांत देईल, तेव्हा शिक्षक प्रथम उत्तर बरोबर आहे की नाही हे पाहतो की शब्द, यावर ती लागेल. भाषेचा सन्मान वर्षातील एका दिवशी करणे सोपे असते. उरलेल्या दिवशी तिच्यातून आलेले उत्तर ऐकून घेणे हे शिक्षणाचे अधिक कठीण आणि अधिक आवश्यक कार्य आहे.